आईच्या मानेची तार

आमच्या घरात ‘तार’ या शब्दाचा अर्थ जरा वेगळा होता. आई ऑपेराच्या कोरसमध्ये गायची, आणि वरचा सूर लावताना तिच्या मानेची डावी शीर कानाखालून थेट गळ्याच्या हाडापर्यंत ताडकन उभी राहायची. ती तार. आई रागावली की तीच शीर तशीच उभी राहायची. त्यामुळे लहानपणी मी आईच्या चेहऱ्याकडे बघतच नसे, मानेकडे बघायचे. तार दिसली की पळ काढायचा, एवढं साधं होतं ते.

हा शब्द मावशीचा. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, व्यंगचित्रकार. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत तिचा सगळा पसारा होता. एक टेबल, एक दिवा, शाईच्या बाटल्या आणि दोरीवर वाळत घातलेले कागद. आई तिला छोटी म्हणायची, पन्नाशी उलटली तरी छोटीच. नाट्यगृहात तालमी चालायच्या तेव्हा मावशी अंधाऱ्या खुर्च्यांमध्ये बसून गाणाऱ्यांची चित्रं काढायची, आणि घरी येऊन त्या चित्रांची चिमुकली कॉमिक्स करायची. एकच कागद, त्याला घड्या घालायच्या, मधे एक चीर द्यायची, की झालं तळहाताएवढं आठ पानांचं पुस्तक. घड्या घालायचं काम माझ्याकडे असे. घडी तिरकी गेली की ती म्हणायची, “ठमे, हाताला काय धाड भरलीय तुझ्या?”

त्या आठ पानांत अख्खा ऑपेरा मावायचा. राजाला विष दिलेलं असतं आणि मरता मरता तो इतका वेळ गातो, की मागच्या रांगेतल्या बायका तेवढ्यात स्वेटर विणून पुरा करतात. नायिका कड्यावरून उडी टाकते, आणि खाली गादी धरून बसलेल्या माणसाला नेमकी तेव्हाच शिंक येते. शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, लांब नाकाची एक बाई तोंड वासून, मानेची तार ताणून गात असायची. ती आई. खेळाला येणारे लोक पुस्तक हातात पडलं की आधी शेवटचं पान उघडून ती बाई शोधायचे. आपल्याला याचा भयंकर राग येतो असं आई सगळ्यांना सांगायची, आणि सांगता सांगता पर्समधून एक पुस्तक काढून दाखवायची.

मावशीची काढायची रीत अजब होती. अंधारात कागद दिसत नाही. म्हणून ती डाव्या हाताचा अंगठा कागदावर रोवून ठेवायची. तो तिचा खुंटा. त्याच्या अंदाजानं पेन्सिल फिरायची आणि डोळे सगळा वेळ रंगमंचावर. काय उमटलंय ते दिवे लागल्यावरच कळायचं. खोडरबर तिनं कधी बाळगला नाही.

“मी काही ठरवत नाही गं,” ती म्हणायची. “डोळ्यांना दिसतं ते हात करतो. मी आपली मधल्यामधे बसलेली असते.”

मला हे कलाकार लोकांचं नेहमीचं बोलणं वाटायचं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे आम्ही तक्ता समोर धरून विचारतो आणि मोकळे होतो.

यंदा नाट्यगृहाच्या कॉरिडॉरला नवा रंग दिला. तिथं मावशीचं एक मोठं चित्र लावायचं ठरलं. अख्खा कोरस, सगळ्यांची तोंडं उघडी, भिंतभर. मावशी हरखून गेली. आयुष्यभर तळहाताएवढ्या पानांत कोंबून कोंबून काढलेलं, आता एकदम भिंत मिळाली. ती रोज तालमीला जाऊन बसायची, ढिगानं कच्ची चित्रं करायची, मग खोलीत जमिनीवर कागद पसरून गुडघ्यांवर रांगत ती मोठी करायची. आई वर चहा नेऊन द्यायची आणि दारातूनच म्हणायची, “माझं नाक तेवढं आवर हं छोटे. भिंत संपेल.”

चित्र लागलं त्या सकाळी सगळे तिथं जमले. हसून हसून एकेकाची पुरेवाट झाली. जाड्या बुवाच्या मानेला मावशीनं जहाज बांधायचे दोरखंड काढले होते. पुढच्या रांगेतल्या दोघी जुळ्यांच्या माना पिळलेल्या कपड्यांसारख्या. कोणी म्हणून सुटलं नव्हतं. आईची मान मात्र गुळगुळीत होती. नाक होतं, वासलेलं तोंड होतं, आणि मान एखाद्या नव्या नवरीची असावी तशी.

“बहिणीला बरं सुंदर काढलंत,” जाडे बुवा म्हणाले. “आमच्यावर का नाही घेतली तेवढी मेहनत?”

“वशिला लागतो बाबा,” कोणीतरी म्हणालं.

मावशी ओशाळली. घरी येऊन तिनं कच्ची चित्रं उलथीपालथी केली. सगळ्यांत तेच. “मी मुद्दाम नाही केलं गं,” ती मला म्हणाली. “हात लबाडी करायला लागलाय. म्हातारपणी माया आड येते बहुतेक.” स्वतःवरच ती चिडली होती. आईही सगळ्यांबरोबर हसली होती, पण जरा मागून. तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

कोरसचे मास्तर त्या दिवशी हसले ते हसले. दुसऱ्या दिवशी ते त्या चित्रासमोर एकटेच बराच वेळ उभे होते म्हणे. मग तालमीत त्यांनी मागच्या रांगेला चौघीचौघींनी गायला लावलं. मग दोघीदोघींनी. आईची पाळी यायच्या आधीच त्यांनी तालीम थांबवली, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि आईला म्हणाले, “बाई, जरा बसता का?”

भर दुपारी आई घरी आली. हातात पिशवी, पिशवीत रंगमंचावरचे बूट. ते बूट ती कधी घरी आणत नसे. मावशी चहाला खाली आलेली होती. आई ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिनं सांगून टाकलं.

गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज गेला होता. घशातली आवाजाची एक पट्टी लुळी पडली होती आणि ती परत उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. बोलण्यापुरता आवाज उरला होता, गाण्यापुरता नाही. तेव्हापासून ती मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवत होती.

“सगळं बरोबर करत होते,” आई म्हणाली. “श्वास जिथं घ्यायचा तिथंच घेत होते. तोंड हवं तेवढंच उघडत होते. शेजारच्या बाईलासुद्धा पत्ता लागला नाही. जोर तेवढा लावायचा नाही. जोर लावला की काहीतरी घोगरं बाहेर पडायचं. पण तार कशी आणणार गं? ती काही ओठांसारखी हलवता येत नाही.”

ती दारातल्या फटीतून वारा यावा तशी बोलत होती. ती कितीतरी महिने तशीच बोलत होती, आणि मी तो आवाज त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. गेल्या वर्षभरात ती माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगत फिरत होते, की आई आता निवळली, वयानं मवाळ झाली. मी मानेकडे बघायचं सोडून दिलं होतं. माझी मलाच चीड आली.

मावशीचा कप हातात तसाच होता. “ताई, मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू मला काढलंच नसतंस.”

“मास्तर काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणाले, बाई, हे मला कानांनी कळायला हवं होतं, चित्रावरून कळलं याची लाज वाटते. रडले बिचारे. मीच उठून पाणी दिलं त्यांना.” आईनं पिशवीतून बूट काढले, फडक्यानं पुसले आणि पुसून झाल्यावर ते कुठं ठेवायचे हे न कळल्यासारखी उभी राहिली. “तिथं उभं राहण्यापलीकडे मला काही नको होतं. सूर आजूबाजूला होतेच. मी त्यांच्यात उभी होते, एवढंच.”

मावशीनं चहा न पिताच कप ठेवला आणि ती वर निघून गेली.

दोन-चार दिवसांनी ती एक कागद घेऊन खाली आली. कोरसच्या चित्राचीच नक्कल होती आणि त्यात आईच्या मानेला तार काढलेली होती. मावशीचे डोळे सुजलेले होते.

“मी जाऊन मास्तरांना सांगते,” ती म्हणाली. “म्हणते, माझीच चूक झाली, खरं चित्र हे आहे. बहिणीवरच्या प्रेमापोटी मी मान सारवासारव करून काढली होती. सगळे तसंच तर म्हणत होते.”

आईनं कागद खिडकीशी नेऊन पाहिला. ती रेघ वाईट नव्हती. पण कोणीतरी वरून सुतळी चिकटवावी तशी ती दिसत होती. मला कळलं, तर मास्तरांना कळलंच असतं.

“ही कोणाची मान गं?” आईनं विचारलं.

मावशीनं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

“आणि हे बघून ते म्हणाले, ठीक आहे, गाऊन दाखवा, तर मी काय करू?” आईनं कागदाची नीट घडी घातली. माझ्यापेक्षा कितीतरी सरळ. “तू काढलंस ते बरोबर काढलंस. मला तुझा राग नाही आला. खरंच नाही आला. आता पुरे कर.”

राग आला असता तर बरं झालं असतं. मावशी त्यानंतर तालमीला गेली नाही. पेन्सिली टोक करून डब्यात उभ्या होत्या, दोरीवर एक कागद वाळत नव्हता. लोक पुस्तकं मागत होते. मी दोनदा विचारलं, तर म्हणाली, “तोंड काढायला गेले की हात आखडतो. सगळ्यांच्या पाठी काढू का?” हे तिनं विनोदानं म्हटलं, पण मला हसू आलं नाही. आम्ही तिघी जेवायला एकत्र बसायचो आणि ताटाकडे बघत जेवायचो. कोणी कोणाच्या मानेकडे बघत नव्हतं.

मग रंगीत तालमीचं बोलावणं आलं, मास्तरांकडून, दोघी बहिणींना. मावशी म्हणाली, मेले तरी जाणार नाही. आईनं कपाटातून चांगली साडी काढली.

“मी जाणार,” ती म्हणाली. “इतकी वर्षं त्या रंगमंचावर उभी राहिले, पण समोरून तो ऑपेरा कसा दिसतो ते एकदाही पाहिलं नाही. आणि छोटे, तू कागद घे. तिथं रिकाम्या हातांनी बसलीस तर लोकांना वाटेल मी तुझे हात मोडले.”

आम्ही मधल्या रांगेत बसलो. मी एका बाजूला, मधे आई, पलीकडे मावशी. कागद आईनंच तिच्या मांडीवर ठेवला. दिवे गेले. ऑपेरा बंदरावरच्या बायकांचा होता. पुरुष समुद्रावर गेलेले असतात, आणि शेवटी सगळ्या बायका धक्क्यावर उभ्या राहून त्यांना हाका मारतात. राजाबिजा कोणी नव्हता, गादी धरून बसलेला माणूसही नव्हता. आई शांतपणे बघत होती. मधेच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “अगं, जाडे बुवा समोरून बरे दिसतात की.”

शेवटचा कोरस सुरू झाला. मागच्या रांगेत आईच्या जागी कोणी नवीन आणलं नव्हतं. सगळ्या जराशा सरकून उभ्या होत्या आणि ती जागा बुजली होती. मला ते बघवेना. मी मान वळवली, तेव्हा आई खुर्चीच्या कडेवर आली होती. दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर घट्ट, तोंड उघडलेलं. हाका वर वर चढत गेल्या आणि आई त्यांच्याबरोबर चढत गेली. आता तिथं कोणाला फसवायचं नव्हतं, घोगरं काही बाहेर पडेल याची भीती नव्हती. तिनं होता नव्हता तेवढा जोर लावला. सूर लागला नाही. नुसता घोगरा वारा येत होता, तोही माझ्याखेरीज कोणाला ऐकू गेला नसेल. ती थांबली नाही. शेवटच्या हाकेपर्यंत ती गायली.

पलीकडे मावशीचा अंगठा कागदावर रोवलेला होता. तिचे डोळे रंगमंचाकडे नव्हतेच.

दिवे लागले. आईनं तोंड पुसलं आणि मावशीच्या मांडीवरचा कागद उचलला. लांब नाक होतं. वासलेलं तोंड होतं. आणि कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत एकच रेघ होती, जाड, सरळ, कुठंही न थरथरलेली.

आईनं ते पुष्कळ वेळ पाहिलं.

“आता कशी काढलीस गं?”

“आत्ता दिसली,” मावशी म्हणाली.

आईनं मानेवर हात नेला आणि तो तिथंच ठेवून ती बसून राहिली.