पुन्हा घासू नका

आधीच सांगते, मी काही शांत माणूस नाही. आमच्या घरात शांत माणूस एकच, तो म्हणजे माझा दादा, आणि हा सगळा घोळ त्याच्या शांतपणानेच झाला. मी आरडाओरडा करते, पण पाठीत सुरी खुपसत नाही.

खाली आमचं सुतारकामाचं वर्कशॉप आणि वर घर. वर्कशॉप बाबांनी उभं केलं. आता गिऱ्हाईक आणि जोडणी दादा बघतो, लाकूड कापायच्या मशीनवर, म्हणजे टेबल सॉवर, मी असते, आणि शहात्तर वर्षांचे बाबा फळ्या घासतात. बाकी सगळी कामं त्यांच्या हातातून एकेक करून सुटली, घासणं तेवढं राहिलं. पण ते असं घासतात की फळीवरून हात फिरवला की बोट कुठे अडत नाही.

चौदा वर्षं त्या मशीनवर मी उभी आहे. नुसती फळी कापायची तर एक पातं पुरतं. पण कपाटाच्या उभ्या बाजूत आडवी फळी बसवायची तर फळीच्या जाडीएवढी रुंद खाच लागते. त्यासाठी मी पात्यांची चळत लावते. बाहेरून दोन गोल पाती, मध्ये दोन-दोन दातांची बारकी पाती हवी तेवढी. दात एकमेकांना लागणार नाहीत असे फिरवून घ्यायचे आणि पान्याने नट आवळायचा. एवढं करूनही माप जुळेलच असं नाही, कारण अठरा मिलिमीटरची म्हणून आलेली फळी कधी अठराची नसते. केसभर रुंदी वाढवायची असेल तर पात्यांच्या मध्ये मी खेळण्यातल्या पत्त्यांच्या गोल चकत्या कापून घालते. दादा गिऱ्हाइकांना सांगतो, "आमची बहीण पत्ते पिसून कपाटं करते." लोक हसतात. हसू देत. माझ्या खाचेत फळी तळव्याने दाबून बसवावी लागते आणि गोंद न लावता उलटी धरली तरी ती पडत नाही.

हे मी नुसतं म्हणत नाही, भिंतीवर पुरावा आहे. प्रत्येक कामाच्या आधी टाकाऊ तुकड्यात एक खाच काढायची, त्याच कामाच्या फळीचं कापून उरलेलं टोक तिच्यात बसवून बघायचं, तुकड्यावर पेन्सिलने लिहायचं की काय काय लावलं होतं, आणि तो नमुना खिळ्याला टांगायचा. हे मला बाबांनीच शिकवलं. तीनशेच्या वर नमुने असतील. दादा त्यांना माझे दागिने म्हणतो.

तर एका वाचनालयाची चार कपाटं आली. जाडजूड शब्दकोश ठेवायचे होते, म्हणून ग्रंथपाल बाईंनी बजावून सांगितलं होतं की दिसायला साधी चालतील, पण भक्कम हवीत. बाबांनी वीस फळ्या घासून दिल्या. घासून झाल्यावरच मी जाडी मोजते, कारण घासताना फळी झिजते आणि नंतर घासली तर खाच सैल पडते. हे आमच्याकडे मांजरालासुद्धा माहीत आहे. मी मापं घेतली, पाती लावली, खाचा काढल्या. दुसऱ्या दिवशी मला मुलीला हॉस्टेलवर सोडायला चार दिवस जायचं होतं, जोडणी दादा करणार होता. म्हणून वीसच्या वीस फळ्यांवर मी पेन्सिलने लिहिलं, "घासून झालंय. पुन्हा घासू नका." दादालाही तोंडाने सांगितलं. तो "हो गं, जा तू" म्हणाला.

परत आले तेव्हा कपाटं जोडून, पॉलिश करून गेलीसुद्धा होती.

दोन महिन्यांनी ग्रंथपाल बाई स्वतः आल्या. बाई हळू बोलणाऱ्या, त्या दिवशी आणखीच हळू बोलत होत्या. एका कपाटाच्या दोन फळ्या शब्दकोशांसकट खाली आल्या होत्या. खाली कोणी बसलं नव्हतं म्हणून बरं, असं त्या दोनदा म्हणाल्या. बाकीची कपाटंही हात लावला की डुगडुगतात म्हणाल्या.

बाबांनी दादाकडे बघितलं. दादाने जमिनीकडे बघितलं आणि म्हणाला, "खाचा सैल निघाल्या असणार. खाचांचं काम हिच्याकडे असतं."

मी म्हणाले, "माझ्या खाचा सैल नव्हत्या. कोणीतरी फळ्या परत घासल्यात. मी लिहून ठेवलं होतं, घासू नका म्हणून."

"जोडताना फळ्यांवर काही लिहिलेलं नव्हतं," दादा म्हणाला. एवढ्या शांतपणे म्हणाला की कोणालाही खरं वाटावं.

बाबा उठले, मशीनपाशी गेले, खिळ्यावरचा माझा पाना काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. पाती लावायची, काढायची, तर तो पाना लागतो. तो नसेल तर त्या मशीनवर मी कोणी नाही. "उद्यापासून पॉलिशला बस," ते म्हणाले. "मशीन दादा बघेल." हे सगळं गिऱ्हाइकासमोर. बाई बिचाऱ्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आरडाओरडा न करता मी वर निघून गेले. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

तीन आठवडे मी पॉलिश केलं. पॉलिश हे काम कमी आहे असं मी म्हणत नाही. पण शिक्षा म्हणून दिलेलं कुठलंही काम बोचतंच. दादा मशीनवर उभा राहायचा आणि मी कोपऱ्यातून ऐकायची. दोन दात एकमेकांना घासत असले तर आवाजात कळतं. मला कळायचं, त्याला नाही. एकदा सांगायला गेले, तर म्हणाला, "तू तुझं बघ." बरं, म्हटलं. बघते.

मग चारही कपाटं दुरुस्तीला परत आली. बाबा वर जेवायला गेले होते. निसटलेली एक फळी मी उचलली आणि भिंतीवरून त्या कामाचा नमुना काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "वाचनालय. बारकी चार, पत्ता एक." त्या फळ्यांचं उरलेलं टोक अजून खाचेत होतं. नमुना उलटा धरून झटकला. टोक हललं नाही. ते हातोडीने ठोकून काढलं आणि त्याच खाचेत कपाटाची फळी घातली. एका बोटाने गेली, आणि उलटं करताच पायावर पडली. पाय हुळहुळला, पण त्या क्षणी मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

मग कपाटाच्या खाचेत वाकून बघितलं तर आत पिवळट, खरबरीत काहीतरी वाळलेलं. नखाने उकरलं. गोंद आणि भुसा. फळी सैल बसते हे जोडणाऱ्याला जोडतानाच कळलं होतं, आणि त्याने फटीत भुसा कालवून भरला होता. बाबांच्या वर्कशॉपमध्ये. गेली पन्नास वर्षं इथे कोणी फटीत भुसा भरला नव्हता.

"दादा, इकडे ये," मी म्हणाले.

तो आला, बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. त्याने आधी जाऊन जिन्याचं दार लोटलं. मग हळूच म्हणाला, "बाबांनी घासल्या."

"बाबांनी? कधी?" मी म्हणाले.

"तू गेलीस त्या दुपारी. पेन्सिलने लिहिलेलं त्यांना वाचता आलं नाही, चष्मा वर राहिला होता. त्यांना वाटलं फळ्यांना डाग पडलेत. एवढ्याने काय झिजतंय म्हणून डाग घासून काढले, मग तेवढाच भाग वेगळा दिसायला लागला म्हणून अख्ख्या फळ्या घासल्या. दोन्ही बाजूंनी, घासायचं मशीन लावून. मी आलो तेव्हा पाच-सहाच राहिल्या होत्या. एवढे रमले होते गं. शीळ घालत होते. मला थांबा म्हणवेना. आणि बाई आल्या तेव्हा त्यांच्या ते लक्षातही नव्हतं."

"मग भुसा भरलास."

"भरला. वाटलं, टिकेल."

"आणि माझं नाव घेतलंस."

"तू तरुण आहेस. तू सावरशील. त्यांच्याकडे हे एकच काम उरलंय. हेसुद्धा चुकलं म्हणून कळलं तर त्यांचं काय होईल, विचार केलास का?"

आता मला सांगा, ह्यावर माणसाने काय करायचं. मी एक्केचाळीस वर्षांची आहे. तीन आठवडे माझ्याच घरात मान खाली घालून कोपऱ्यात बसले, बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले, आणि मी विचार केला का, असं हा मला विचारतो. बाबांचं मन राखायचं होतं ना? राखायचं होतं तर स्वतःचं नाव पुढे करायचं. "माझ्याकडून खाच चुकली" म्हणायला जीभ झडली असती का? पण नाही. मन बाबांचं राखायचं, वाहवा ह्याची व्हायची आणि खापर फुटायचं माझ्या डोक्यावर.

"मी बाबांना सांगणार," मी म्हणाले.

तो जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला. "निदान जेवू दे त्यांना."

जेवू दिलं. मी रागीट आहे, कसाई नाही.

बाबा हात पुसत खाली आले तेव्हा मी नमुना, टोक आणि फळी अशी तिन्ही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी टोक खाचेत बसवलं, काढलं, फळी घातली, काढली. मग डोळे मिटून फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ही मी घासलीय," ते म्हणाले. "कडेला माझा हात जास्त दाबतो. तू लिहिलं होतंस का ह्याच्यावर?"

"वीसच्या वीस फळ्यांवर."

"मला डाग वाटले." ते दादाकडे वळले. "तू बघितलं होतंस?"

दादा ततपप करायला लागला. "बाबा, शेवटी शेवटी बघितलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"आणि हिला वाईट वाटलं ते चाललं?"

मी मान फिरवली. मघापासून हे वाक्य मी मनातल्या मनात घोकत होते, आणि ते त्यांच्या तोंडून आल्यावर मला रडू यायला लागलं, ह्याचाही मला राग आला.

बाबांनी कपाटाच्या खाचेतला भुसा नखाने काढून तळहातावर घेतला. "मला सांगितलं असतंस तर वीस फळ्या नवीन केल्या असत्या. दोन दिवसांचं काम. तू मला कामातून गेलेला ठरवलंस आणि हिला खोटारडी. आणि ह्या फळ्या एखाद्याच्या डोक्यात पडल्या असत्या." तळहातावरचा भुसा त्यांनी जमिनीवर झटकला. "चुकलो तर चुकलो म्हणायची लाज मला कधी वाटली नव्हती. ती तुला वाटली, माझ्या वतीने."

बाबांनी खिशातून पाना काढून माझ्यापुढे धरला. मी हात मागे घेतला.

"असा नाही," मी म्हणाले. "काढून घेतलात बाईंच्या समोर. देतानाही त्या समोर हव्यात."

"बघा बाबा, आता हिचं..." दादाने सुरुवात केली.

"बरोबर आहे तिचं," बाबा म्हणाले आणि पाना परत खिशात घातला.

त्यांनी स्वतः बाईंना फोन केला आणि चार दिवसांनी त्या आल्या. नव्या वीस फळ्या घासून भिंतीला उभ्या होत्या. बाबा म्हणाले, "बाई, फळ्या मी जास्त घासल्या होत्या. माझ्या मुलीच्या खाचा बरोबर होत्या. त्या दिवशी तुमच्यासमोर हिला बोललो, ते चुकलं." आणि पाना माझ्या हातात दिला. बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं," जे खरं नसणार, पण मी ऐकून घेतलं.

मी मापं घ्यायला लागले. पहिल्या सहा फळ्या बरोबर. सातवी कडेला दबलेली. परत मोजली. दबलेलीच होती. सगळे बघत होते, आणि बाबा मशीनला टेकून नुकतेच कुठे हलके होऊन उभे होते. मागून दादा कुजबुजला, "आजचा दिवस चालवून घे ना. बाई गेल्यावर बदलू."

हेच ते. ह्याच चालवून घेण्याने सगळं झालं होतं. खोटं कशाला बोलू, माझाही हात क्षणभर थांबला. मग मी फळी बाबांच्या समोर धरली. "बाबा, ही चालणार नाही. कडेला पातळ झालीय."

बाबांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, फळी खिडकीकडे नेली, अंगठा फिरवला. मग माझ्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "बाद."

ती त्यांनी दादाच्या हातात दिली. "नवीन काढ. मी घासतो. ती मोजून हो म्हणत नाही तोवर मशीन चालू होणार नाही." आणि बाईंसाठी स्टूल पुढे ओढलं, "बसा तुम्ही, थोडा वेळ लागेल."