चौथी नापास

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“शाब्बास!” दादानं बिस्किटाचा तुकडा बाबांच्या तोंडात घातला. “आता पुढचं. मुखत्यारपत्र कोणाच्या नावानं करायचंय?”

“मोठ्या मुलाच्या. माझा मोठ्या मुलावर पूर्ण विश्वास आहे.”

आणखी एक तुकडा. सकाळपासून ओट्याशी उभी राहून मी हे बघत होते. कुत्र्याला शिकवतानाही माणूस मधूनमधून त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो. दादाला तेवढीही सवड नव्हती.

जुनं मुखत्यारपत्र बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळचं. पेन्शन काढायची, बिलं भरायची, एवढाच अधिकार त्यात दादाला होता. तेव्हा बाबांना सगळं कळत होतं. आता आपण जेवलो की नाही, हेही त्यांना आठवत नाही. आणि आत्ताच दादाला ते ‘अपडेट’ करायचं सुचलं होतं. घर विकायचा अधिकार त्यात घालायचा होता. घर विकलं की बाबांची रवानगी वृद्धाश्रमात. शहाण्यानं तिथली खाटसुद्धा बघून ठेवली होती.

“तुला फुकट राहायचंय, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या,” तो म्हणाला.

“हो, राहायचंय. त्यांचं हगणंमुतणं काढून राहते. तू आठ दिवस काढून दाखव, मग बोल.”

त्यानं नाक मुरडलं आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

बाबांचा सगळा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला. कुठेही शिक्षणाचा विषय निघाला की तेच आधी सांगून टाकायचे, “आम्ही चौथी नापास, आमची अक्कल ती केवढी!” लोक हसायचे, तेही हसायचे. आई मला म्हणायची, “हसतात खरे, पण लागलंय ते त्यांना.” आणि आज तोच माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसला होता आणि ओठांतल्या ओठांत उत्तरं घोकत होता. बापाची नेमकी दुखरी जागा हेरून दादा त्यांना परीक्षेला बसवत होता. सख्ख्या भावाची किळस आली मला.

वकील दुपारी आले. वयस्कर होते, घाईत नव्हते.

“काका, नाव सांगा बघू.”

बाबांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं. वार सांगितला. मुलं किती, तेही सांगितलं.

“घर विकायचा अधिकार मुलाला देताय. कळतंय ना तुम्हाला?”

“माझा मोठ्या मुलावर पूर्ण विश्वास आहे,” बाबा खणखणीत म्हणाले. मग दादाकडे बघून त्यांनी तोंड उघडलं.

वकिलांना काही उमगलं नाही. दादा उगाच खोकला. वकिलांनी पेनाचं टोपण काढलं.

आता मी गप्प राहिले तर घर जाणार होतं आणि बोलले तर बाबा नापास होणार होते, तेही माझ्या हातून.

“बाबा, आई कुठे गेलीय हो?” मी विचारलं.

“तू गप्प बस!” दादा ओरडला.

पण बाबांना उत्तर येत होतं. “बाजारात गेलीय ना. येईलच एवढ्यात. तिला विचारल्याशिवाय मी सही करत नाही हं.”

वकिलांनी भिंतीवरच्या आईच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. टोपण परत लावलं. “हे माझ्याच्यानं होणार नाही,” ते दादाला म्हणाले. “आणि तो जुना कागदही आता वापरू नका.”

“सांभाळ मग तूच!” असं म्हणून दादा दार आपटून गेला. जाताना उरलेला बिस्किटांचा पुडा मात्र आठवणीनं उचलला.

बाबांचा चेहरा उतरला होता. “नापास झालो का गं?”

“नाही बाबा. पेपर फुटला होता. परीक्षाच रद्द झाली.”

“असं होय,” ते म्हणाले आणि पाठ टेकून बसले.

संध्याकाळपर्यंत ते वकिलांना विसरले, दादा आला होता हेही विसरले. वार विचारला तर सांगता येईना. मी त्यांना भरवायला बसले. पहिला घास पुढे केला, तसे ते खुर्चीत एकदम ताठ झाले.

“माझा मोठ्या मुलावर पूर्ण विश्वास आहे,” बाबा म्हणाले.

मग त्यांनी तोंड उघडलं.