नवरीच्या गाडीचं झाकण

"वापरलेलं नको, नरसिंग. नवंकोरं दे," आमचे हे म्हणाले आणि मी कपाळाला हात लावला.

हिंगोलीला आलो होतो आमच्या लेकीच्या, सीमाच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला, आणि दुपार कलली तरी उभे कुठे, तर नरसिंगच्या स्पेअरपार्टच्या दुकानात! आमच्या जुन्या अँबेसिडरच्या रेडिएटरचं झाकण झिजून सारखी वाफ सोडत होतं. नरसिंगनं दोन झाकणं पुढं ठेवली. एक भंगारातल्या अँबेसिडरचं, काळवंडलेलं. दुसरं नव्या गाड्यांचं, चकचकीत.

"प्रभूभाऊ, हे जुनंच बराबर हाय. याची स्प्रिंग मऊ, दाब वाढला की वाफ सोडतंय. नव्याची कडक, दाब आतच कोंडतंय. तुमच्या रेडिएटरचा सांधा म्हातारा झालाय, त्याला सोसायचं न्हाई."

"अरे, नवरीची गाडी हाय ती! लग्नात लेकीला कुणी उतरलेलं लुगडं नेसवतंय का?"

नरसिंगनं जुनं झाकण परत फळीवर ठेवलं. लग्नाला सूप नवं, माठ नवा, दोरासुद्धा नवा लागतो आमच्याकडे. झाकणही नवंच घेतलं.

आमच्या गावाची, कनेरगाव नाक्याची कुठलीही लेक सासरी निघाली की ह्यांच्याच गाडीतून. पोरी मागं बसून रडायच्या, हे पुढं बसून. मी चिडवायची, "तुमची कोण लागती वो ती?" तर म्हणायचे, "सीमाच्या येळंला रडायचं शिकून ठेवून राहिलो."

लग्नाच्या दिवशी एप्रिलचं ऊन नुसतं भाजत होतं. गाडी झेंडूनं सजवली, पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला. तो फोडूनच गाडी निघायची. सीमा मागं बसली, ह्यांनी गाडी सुरू केली, पण पोरीच्या गळ्यात पडणाऱ्या बायका संपेनात. नवरीची गाडी एकदा सुरू केली की बंद करायची नाही, हा ह्यांचा नेम. इंजिन तसंच तापत राहिलं.

मग बॉनेटखाली फट्‌ असा आवाज झाला, रेडिएटरचा म्हातारा सांधा फुटला. वाफेचा लोट उठला आणि कढत पाणी चाकापाशी वाहू लागलं. ह्यांनी उतरून बॉनेट उघडलं आणि हात आतच घातले.

"वो, राहू द्या! भाजून राहिलं ना!" मी ओरडले.

"दोन मिनिटं थांब. सीमा, उतरू नको, माय. आत्ता करतो."

सीमाची सासू रुख्मिणीबाई स्वभावानं वाईट नाही, पण घाबरली. "निघतानाच असं? न्हाई बाई. सीमा, आमच्या गाडीत बस."

सीमा "बाबा, बाबा" करत राहिली. बाबांचं डोकं वाफेत. "आलोच, माय," म्हणत होते. मान वर केली तेव्हा वऱ्हाडाची गाडी नाक्याचं वळण पार करून गेली होती.

"गेली?" एवढंच विचारलं ह्यांनी. भाजलेले हात तसेच पुढं धरलेले. गावाच्या इतक्या लेकी पोचवल्या या माणसानं, आणि स्वतःच्या लेकीचं निघताना तोंडसुद्धा दिसलं नाही.

पुढं नरसिंगनं सांधा जोडून दिला, ते काळवंडलेलं झाकणही बसवलं. गाडी मस्त चालते. पण गावात नंतर लग्नं झाली आणि एकानंही नवरीसाठी आमची गाडी बोलावली नाही. पद्माबाईची लेक आमच्या दारावरूनच गेली, दुसऱ्याच्या पांढऱ्या गाडीतून. हे ओट्यावरून उठून आत गेले. तोंडावर कुणी काही म्हणत नाही. लोक लई चांगले हो आमचे, अपशकुनी गाडी म्हणून पाठीमागंच बोलतात.

चाकाखालचा तो नारळ मी उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवला होता. फोडू म्हटलं तर हे म्हणायचे, "राहू दे. सीमाला गाडीत बसवीन, तवा फोडू."

दिवाळीला सीमा आणि जावई आले. जायच्या दिवशी ह्यांनी सकाळपासून गाडी पुसली, दारात आणून लावली. मी नारळ घेऊन बाहेर आले. जावई खाली बघत म्हणाले, "मामा, तेवढं नको. आईनं शपथ घातलीय."

"व्हय, व्हय. बराबर हाय," हे म्हणाले.

सीमा मोटरसायकलवर बसून गेली. या वेळी ह्यांनी तिला वळणापर्यंत डोळे भरून पाहिलं, मग गाडीवर ताडपत्री घालून घट्ट बांधली. मी नारळ कानाशी धरून हलवला. आतलं पाणी आटलं होतं.