वॉर्डातली खाट

“जोर लावा, जोर!” म्हणत तिने ट्रकवाल्याचा पाय गादीवरून उचलला. हात काढताच तो धप्पकन खाली पडला.

“नाही होत म्हणतो,” दुभाषी बाई म्हणाली.

हाड केव्हाच जुळलं होतं, तरी हा गडी उभं राहायचं नाव घेत नव्हता. परदेशातल्या या निर्वासितांच्या छावणीच्या दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट, बिनपगारी रजा टाकून आलेली. मागवलेल्या कुबड्या आल्या त्या सगळ्या लहान मुलांच्या मापाच्या. नळाला पाणी आलं तर आलं. आणि आता हा! शेजारच्या स्टुलावर त्याची बायको सातव्या महिन्याचं पोट सांभाळत मुकाट बसली होती.

दुपारी आईचा फोन आला.

“तू शिकव हो जगाला चालायला. इथे तुझे बाबा भिंत धरून मोरीपर्यंत जातात.”

“वहिनीला व्यायाम दाखवून आलेय ना मी?”

“तिलाही दोनच हात आहेत, बाळा.”

फोन ठेवून ती तोंडावर पाणी मारायला इमारतीमागच्या नळावर गेली आणि जागीच थबकली. ट्रकवाला भरलेली बादली घेऊन येत होता. किंचित लंगडत, पण पाय नीट टाकत. तिला बघून त्याने बादली हळूच खाली ठेवली.

तिने दुभाषी बाईला हाताला धरून ओढत आणलं.

“विचारा त्याला, इतके दिवस माझी थट्टा चालली होती का?”

तो खाली मान घालून बराच वेळ बोलत राहिला.

“बरा झालो की खाट जाईल म्हणतो. पेशंट आहे तोवर सोबतीला बायकोला आत झोपू देतात. त्यांच्या तंबूत घोटाभर चिखल आहे. निदान बाळंतपण होईपर्यंत तरी...”

“मग आधी सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, असं विचारतोय.”

तिला पदरात बांधून आणलेली सगळी चांगुलपणाची शिदोरी तिथेच सांडल्यासारखं झालं. मग तिने वाकून बादली उचलली.

“याला म्हणावं, जा खाटेवर. कोणी बघेल. पाणी मी आणते.”

सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले.

“याचं काय? अजून आडवाच?”

तिने ट्रकवाल्याच्या मांडीवर हात ठेवला. हाताखाली स्नायू चांगला टणक लागत होता.

“ताकद नाही आलेली,” ती म्हणाली. “दोन महिने तरी धरा.”

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून पुढे सरकले. बायकोने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ती नजर चुकवून बाहेर व्हरांड्यात आली.

तिथे दोघांनी नुकतंच एक स्ट्रेचर टेकवलं होतं. त्यावरची म्हातारी कण्हत काहीतरी विचारत होती.

“आत खाट मिळेल का म्हणते,” दुभाषी बाईने सांगितलं.

ती म्हातारीजवळ फरशीवर बसली. सुजलेल्या घोट्यावर तिने अलगद बोटं ठेवली.

“आधी विचारा, कुठे दुखतंय.”