वैभवीताईचं दुकान

आमच्या दुकानाच्या पाटीवर मी स्वतः रंगवलेलं माझं नाव आहे: हरीओम साज भांडार, मेडशी. अक्षरं चांगली वीतभर उंच आहेत. तरी परवा एक माणूस त्याच पाटीखाली उभा राहून मला विचारत होता, वैभवीताईचं दुकान कुठं हाय म्हणून.

वैभवी माझी बायको. तिला मठाठी करता येत नाही. मठाठी म्हणजे पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधतात तो रंगीत सुताचा, आरशांचा, गोंड्यांचा पट्टा. मी दहा वर्षांचा असताना माझ्या बाबांनी, मारोतरावांनी, मला तो करायला शिकवलं. एक जोडी व्हायला चार दिवस जातात. वैभवीला त्याचं रील काढायला अर्धा तास पुरतो.

रीलमध्ये तिचा चेहरा असतो, तिचा आवाज असतो आणि माझे हात असतात. माझं मुंडकं ती वरच्या वर कापते. एकदा विचारलं, तर म्हणाली की तुम्ही काम करताना कपाळाला अशा आठ्या घालता की बघणाऱ्याला वाटतं, घरात भांडण चाललंय. असेल. पण खाली कोणीतरी लिहितं, "ताई, काय कला आहे तुमच्या हातात," आणि त्या हातांचा मालक बाजूला बसून सुतात आरसे गुंतवत असतो. ती उत्तर देते, "काम यांचं आहे." ते कोणी वाचत नाही. मी वाचतो आणि आणखी चिडतो, कारण मग तिला दोष द्यायचीही सोय राहत नाही.

सरळच सांगतो, माझा जळफळाट होतो. बायकोचं कौतुक झालं की नवऱ्याला आनंद व्हावा, हे मला कळतं. मला होत नाही. पाच हजार लोकांनी व्हिडिओ पाहिला असं ती सांगते तेव्हा मी "वा" म्हणतो आणि जेवताना वरणात मीठ जास्त झालंय असंही म्हणतो.

यंदा पोळ्याच्या बारा दिवस आधी इंझोरीच्या किसनसिंग नावाच्या शेतकऱ्याची ऑर्डर आली. अर्थात रील बघून, अर्थात तिच्याच नंबरवर. पोळ्याच्या दिवशी त्याची बैलजोडी गावच्या तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे उभी राहते, म्हणून त्याला कोणाच्याच बैलावर दिसला नसेल असा साज हवा होता. मी सहा दिवस खपलो. त्यानंच सांगितलेलं मोरपंखी आणि शेंदरी सूत, मधे कवड्यांची ओळ, कानाजवळ दुहेरी गोंडे. बाबा गेल्यापासून इतकी नेमकी जोडी माझ्या हातून झाली नव्हती. तीही वैभवीताईची म्हणून जाणार, हे मनात आलं आणि माझं डोकं फिरलं.

वैभवी तेव्हा दोन दिवसांसाठी आसेगावला माहेरी गेली होती. ऑर्डर विचारणाऱ्यांना उत्तरं देता यावीत म्हणून तिनं तिचं पेज माझ्याही फोनवर चालू करून दिलं होतं. मी ठरवलं, यावेळचं रील माझं. ती साज खुंटीला लटकवून दाखवते, मी जिवंत बैलावर दाखवीन. शेजारच्या भिवाजीकाकांची बैलजोडी धुऊन बाहेर बांधलेली होती. काकांना विचारून दोन्ही मठाठ्या चढवल्या आणि फोन धरून बैलांभोवती बोलत फिरलो: मी हरीओम, हे काम माझं, माझ्या बाबांकडून आलेलं. फोन माझ्याच हातात असल्यानं मी त्यात कुठेच नव्हतो. वर ती लावते तसं गाणं लावायला गेलो, तर त्यात माझा आवाजही बुडाला. राहिले ते भिवाजीकाकांचे बैल आणि साज. तरी मी ते टाकलं.

तासाभरात खाली पहिली ओळ आली. "वैभवीताई, हा साज सगळ्यात भारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनसिंगनं वैभवीला फोन केला आणि दुपारच्या एसटीनं ती परत आली. त्याचं म्हणणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. माझ्या बैलांचा साज दुसऱ्याच्या बैलांनी आधीच घालून उतरवला, असा उतरलेला साज मी तोरणाखाली कसा नेऊ, असं तो म्हणत होता. सांगताना तिचा आवाज चढला नाही. मग ती माझ्याकडे वळली.

"तुमीच सांगतलं होतं ना मले, नवा साज पयल्यांदा मालकाच्याच बैलाच्या डोक्याले लागला पायजे. म्हणून तं खुंटीवर ठेवून दाखवून राह्यली मी इतके दिवस."

सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी, चांगलं दरडावून. बाबांचा नियम होता तो. आणि मी तो विसरलो होतो असंही नाही. भिवाजीकाकांच्या बैलाला मठाठी बांधताना तो मला आठवला होता, आणि तरी मी गाठ आवळली होती.

मी काही बोलायच्या आत तिनं पदरानं तोंड पुसलं, फोन डब्याला टेकवून व्हिडिओ चालू केला आणि बोलायला लागली. किसनसिंगदादांचा साज दुसऱ्या बैलांवर चढवला गेला, चूक माझी आहे, त्यांना पोळ्याच्या आत नवी जोडी करून देऊ. इतकंच. माझं नाव का घेतलं नाही, असं मी विचारलं.

"पेजवर नाव माझं हाय," ती म्हणाली. "मंग चूकबी माझीच."

तो व्हिडिओ तिच्या आजवरच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. ताई, मोठं मन लागतं. ताई, असे दुकानदार आता राहिले कुठे. मी एकेक ओळ वाचत गेलो आणि लाज वाटायची तिथे आधी तीच जुनी जळजळ झाली. माझं काम तिच्या नावावर गेलंच होतं, आता माझी चूकही गेली. लाज त्यानंतर आली, पण आली ती मुक्कामालाच.

चार दिवस मी दुसऱ्या जोडीवर बसलो. वैभवी सुताचा गुंता सोडवून देत होती. तिनं रील काढलं नाही, मीही काढ म्हणालो नाही. पहिली जोडी भिवाजीकाकांच्या बैलांना देऊन टाकली. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एसटी बदलत बदलत इंझोरीला निघालो. वैभवी येते म्हणत होती, मी नको म्हटलं.

किसनसिंगच्या अंगणात बैलांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळणं चाललं होतं. त्यानं माझ्या मागे पाहिलं, ताई नाही आल्या का विचारलं. एवढ्या लोकांसमोर ताईंनी चूक कबूल केली, त्यांना सांगा माझ्या मनात काही नाही, असं म्हणाला.

"चूक ताईची नाई," मी म्हणालो. "साज त्या बैलाईवर म्या चढवला. मले समजत होतं, तरी चढवला."

"तुमी कोण होय?"

"साज करणारा."

मग तुपाची वाटी खाली ठेवून त्यानं हात धोतराला पुसले आणि मठाठी उलटी करून पाठीमागची शिवण पाहिली. रीलमध्ये ती बाजू कधीच दिसत नाही. अंगठ्यानं तो एकेक गाठ चाचपत गेला, बाबा चाचपायचे तशी.

"एकबी गाठ ढिली नाई," तो म्हणाला. "व्हिडिओतले ते हात तुमचेच होते काय?"

मी मान हलवली. कपाळाला आठ्या घालूनच उभा असेन, कारण परक्याच्या अंगणात रडायचं नव्हतं. हे ऐकायला वैभवीला आणायला हवं होतं. फोन घरी ठेवून आली असती तरी चाललं असतं.