दोन तोंडांचं कार्ड

इस्पितळातले सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईला झाडून सगळे वहिनीच म्हणत. तिची धाकटी नणंद तिथेच अतिदक्षता विभागात नर्स होती. तिच्या हाकेपायी ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

खाटेजवळच्या यंत्रांचे आकडे केबलमधून सर्व्हरला आणि तिथून नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर येत. सर्व्हरमध्ये ही केबल जिथे लागते ते नेटवर्क कार्ड जुनं झालं होतं. नवं निवडायचं काम वहिनीकडे आलं. एकेका तोंडाची, म्हणजे केबल खोचायची एकच खाच असलेली, दोन कार्डं घ्यायची, की दोन तोंडांचं एकच? सर्व्हरमध्ये कार्डं बसवायच्या जागा दोनच होत्या, आणि त्यातली एक तिला पुढेमागे डिस्क वाढवायला हवी होती. तिने दोन तोंडांचं एकच कार्ड घेतलं. एक केबल गेली तरी दुसरी आहेच, असं तिने अधीक्षकांना समजावलं. बसवल्यावर सगळ्यांदेखत एक केबल उपटून दाखवली. आकडे चालूच राहिले. धाकटी म्हणाली की वहिनीचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकावा.

एका दुपारी ते कार्डच जळालं. दोन्ही तोंडांची एकदम वाचा बसली. स्क्रीन मात्र काळी पडली नाही, शेवटचे आलेले हिरवे आकडे तसेच दाखवत राहिली. टोकाच्या खोलीत एका सुताराचं हृदय बंद पडत होतं. तिथलं यंत्र जिवाच्या आकांताने ओरडत असणार, पण दार लावलेलं होतं. धाकटी दुसऱ्या पेशंटचं सलाईन बदलत होती आणि मधूनमधून मान वळवून स्क्रीनकडे बघत होती. ती फेरीला त्या खोलीत शिरली तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी बसली. नर्सचा हलगर्जीपणा, असाच सूर लागला. घरी वहिनीच्या नवऱ्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती. एक बहीण, एक बायको. तो ताटावर बसायचा आणि न जेवता उठायचा. वहिनीला त्याने गप्प राहा म्हटलं नाही, बोल असंही म्हटलं नाही.

ती जळकं कार्ड घेऊन चौकशीच्या खोलीत गेली.

"स्क्रीनवर जे दिसलं त्यावर तिने विश्वास ठेवला," ती म्हणाली. "केबल तुटेल हे मी धरलं होतं. अख्खं कार्ड जाईल हे माझ्या मनातच आलं नाही. निवड माझी होती."

धाकटीवरचा ठपका पुसला गेला. वहिनीला सर्व्हरच्या कामावरून काढलं. जाण्याआधी तिनेच डिस्कची राखीव जागा मोडून दोन वेगवेगळी कार्डं बसवून दिली.

धाकटी कामावर परतलीच नाही. वहिनी तिच्या खोलीवर गेली, तेव्हा ती गणवेशाला इस्त्री करत होती. तो परत द्यायचा होता.

"तू खरं बोललीस म्हणून मी सुटले, वहिनी," धाकटी म्हणाली. "पण त्या सुताराच्या बायकोने मला विचारलं, तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, इथेच. इथेच होते गं मी."

वहिनीने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. धाकटीने तो दूर सारला नाही. फक्त इस्त्री फिरवत राहिली. कापड करपल्याचा वास आला तेव्हा वहिनीनेच बटण बंद केलं.