कंटेनरची पिल्लं

माझ्या सासऱ्यांनी दिलेला शब्द कधी मोडला नाही, हे पूर्णा गावात कुणालाही विचारा. फक्त मला विचारू नका. त्यांनी आयुष्यात एकदाच शब्द मागे घेतला आणि तो मी घ्यायला लावला. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

सासऱ्यांचं नाव दौलत. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही म्हणते. वळ गावातल्या आमच्या भाताच्या शेतांवर आता गोदामं उभी आहेत आणि दादांचा दिवस तिथेच जातो. गोदामाच्या राखणीला त्यांनी एक जर्मन शेफर्ड पाळला. त्याचं नाव त्यांनी कंटेनर ठेवलं, आणि तेही अगदी गंभीरपणे. माझी कुत्री खोबरी. पांढरीशुभ्र पामेरियन, एका हातावर उचलता येईल एवढीशी. लग्न होऊन वडप्याहून पूर्ण्याला आले तेव्हा ती माझ्या मांडीवर बसून आली. त्यामुळे ‘सुनेनं आंदणात कुत्रा आणला’ असं सासूबाई पाहुण्यांना हसून सांगतात.

भावाच्या मुलीचं बारसं होतं म्हणून मी आठवडाभर माहेरी गेले. खोबरी तेव्हा माजावर आली होती, म्हणून तिला गर्दीत नेलं नाही. “आई, हिला घराबाहेर काढू नका,” असं सासूबाईंना, सीताबाईंना, दहादा बजावलं. त्या बिचारीनं दार लावूनही घेतलं. पण कडी काढणारे दादाच असतील तर त्या काय करणार!

दादांच्या डोक्यात एक कल्पना शिरली होती. कंटेनर खातो फार आणि भुंकतो कमी. खोबरी चिमूटभर खाते आणि दिवसभर भुंकते. दोघांचं पिल्लू निघालं तर गोदामाला याहून चांगला राखणदार कुठला? झालं, खोबरीला उचललं आणि वळच्या गोदामात नेलं. तिथे दोघांची उंची जुळेना. गोदामात उंची जुळली नाही की पॅलेट, म्हणजे फळ्यांचे चौथरे, लावतात. मालाचं असंच करतात, वर्षानुवर्षं. दादांनीही लाकडी पॅलेट एकावर एक रचली, खोबरीला वर धरलं आणि काम उरकून घेतलं. हे मला गोदामाच्या वॉचमननं सांगितलं, तेही हसत हसत. माझा चेहरा बघितल्यावर त्याला एकदम गेटवरचं काम आठवलं.

बरं, एवढ्यावर थांबतील ते दादा कसले! त्याच आठवड्यात गावात एक हळद होती. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद नाही. मंडप, डीजे, जेवणावळ आणि माइकवरून एकेका पाहुण्याचं नाव मानानं पुकारणारा माणूस. दादांनी तो माइक हातात घेतला आणि जाहीर केलं की कंटेनरची पिल्लं येणार, त्यातलं पहिलं सावळारामला. सावळाराम त्यांचा लहानपणचा दोस्त. मग जोशात येऊन आणखी तिघांची नावं घेतली. टाळ्या पडल्या. आमच्या गावात कागदावर लिहिलेलं फिरवता येतं, पण हळदीच्या माइकवर बोललेलं कुणी फिरवलेलं मी ऐकलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं. महिनाभरानं खोबरीचं पोट हाताला लागायला लागलं, तशी मी नवऱ्याला, मनोजला, घेऊन भिवंडीत रुचिरा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सोनोग्राफी केली. पोटात चार पिल्लं होती.

“बाप कोण?” त्यांनी विचारलं.

मनोज खाली बघायला लागला. मी सांगितलं, पॅलेटसकट सांगितलं. डॉक्टरांनी खोबरीला उचलून हातावर तोललं.

“बाहेरून पॅलेट लावलं,” त्या म्हणाल्या. “आता आतून कुठलं लावणार?”

मग त्यांनी नीट समजावलं. लहान जातीच्या कुत्रीला पिल्लं थोडी होतात, पण त्यांची डोकी तिच्या मानानं मोठी असतात. बाप तिच्याच आकाराचा असला तरी कधीकधी पिल्लू अडतं. इथे तर बाप तिच्या पाचपट. पूर्ण दिवस भरू दिले तर सिझेरियन जवळजवळ ठरलेलंच, आणि कळा अवेळी सुरू होऊन गाडी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तर ही गाडीतच जाईल. आत्ता ऑपरेशन करून गर्भपिशवी काढली तर त्यातही धोका आहे, पण पुष्कळ कमी. मात्र जे करायचं ते येत्या आठवड्यात.

“मग मोठ्या कुत्र्यांचं बरं असतं,” मनोज आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

“अजिबात नाही. मोठ्या कुत्रीला दहा-दहा पिल्लं होतात. आईच्या अंगाखाली चेंगरतात, दूध पुरत नाही. तुमच्या जर्मन शेफर्डच्या कंबरेचा एक्स-रे काढला होता का कधी? या जातीत कंबरेचं दुखणं बापाकडून पिल्लात उतरतं. लहान असो की मोठा, आधी दोघांना तपासायचं, मग पिल्लांचा विचार करायचा.”

कंटेनरचा एक्स-रे! आमच्याकडे त्याच्या पट्ट्याला पितळी घुंगरू लावायला वेळ होता. मी गाडीत बसून रडले. खोबरीसाठी रडले आणि त्या चार पिल्लांसाठीही रडले. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? पण ती वाढली असती तर खोबरी गेली असती, आणि बहुधा तिच्याबरोबर तीही. भिवंडीतून पूर्ण्याला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

दादा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जनावराला डॉक्टर लागत न्हाय. आमच्या म्हशी काय दवाखान्यात जायच्या?”

“दादा, म्हशीला रेडाच दाखवायचात ना? की हत्ती?”

मनोजला ठसका लागला. दादांचे कान लाल झाले. “करिष्मा, मी माइकवर शब्द दिलाय. चार मानसांत माजी मान खाली जाईल.”

“आणि हिचा जीव जाईल त्याचं?”

“कायी व्हत न्हाय. देव हाय.”

आता खोबरी माझी. मी दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तिला नेऊ शकले असते, कुणी माझा हात धरला नसता. पण मग गावानं म्हटलं असतं की सुनेनं सासऱ्याचा शब्द चोरून पाडला. दादाही तेच म्हणाले असते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी छोट्या कुत्रीखाली पॅलेट लागलं असतं. मला चोरून काही करायचं नव्हतं. रविवारी आमच्याच अंगणात हळद होती, दादांच्या पुतण्याची, भाविकची. मी दादांना तिथेच सांगून टाकलं, “ज्या माइकवर शब्द दिलात त्याच माइकवर रविवारी परत घ्या. नाहीतर माइक मी घेईन. ऑपरेशन सोमवारी आहे.”

“सुनेला माइक कोन देतंय ते बघतो मी पन,” दादा म्हणाले.

तेही खरंच होतं. डीजेवाला दादांचा, पुकारणारा दादांचा. पण हळदीत एक वेळ अशी येते की डीजे बंद करावाच लागतो. धवलारीण गायला बसते तेव्हा. हळदीची, लग्नाची जुनी गाणी गाणारी ही बाई. तिच्या धवल्याशिवाय आमच्याकडे हळद लागत नाही, आणि तेवढा वेळ माइक तिच्या हातात असतो. आमची धवलारीण गोदूबाई. मी शनिवारी तिच्या घरी गेले आणि खोबरीला तिच्या पुढ्यात ठेवलं.

गोदूबाईनं खोबरीच्या पोटावरून हात फिरवला. “किती बारकी हाय गो ही! आनि बाप तो घोडा?” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “कुत्रीचं गानं मी हलदीत गानार न्हाय. देवाधर्माचं काम हाय. पन धवला झाला की माइक खाली ठेवताना माज्या बाजूला कोन बसलंय, ते मी बघत न्हाय.”

रविवारी संध्याकाळी अंगण भरलं. भाविक पाटावर बसला होता. डीजे थांबला, गोदूबाईनं धवला म्हटला, बायांनी हळदीची वाटी पुढे घेतली, आणि तिनं माइक खाली ठेवला. खोबरीला मांडीवर घेऊन मी तिच्या बाजूलाच बसले होते. तिला काखेत धरलं, माइक उचलला आणि उभी राहिले. 

“मी करिष्मा, या घरची सून,” मी म्हटलं. “मागच्या हळदीत दादांनी कंटेनरची पिल्लं द्यायचा शब्द दिला. ती पिल्लं कुणाच्या पोटात आहेत ते कुणी विचारलं नाही. म्हणून तिला दाखवायला आणलीय.”

दादा खुर्चीतून उठले. डीजेवाल्याला हात करणार एवढ्यात मागून घुंगरू वाजलं. मनोज कंटेनरची साखळी धरून मंडपातून चालत येत होता. दादांना कोण सांगणार, दादांना कोण सांगणार, असं आठवडाभर घोकणारा माझा नवरा! सगळ्या गावासमोर तो कंटेनरला घेऊन माझ्या बाजूला उभा राहिला. त्या क्षणी मला त्याच्याशी परत लग्न करावंसं वाटलं, मंडप तयारच होता.

मी खोबरीला खाली सोडलं. ती दोन पावलं चालली आणि कंटेनरच्या पोटाखालून, मानही न वाकवता, पलीकडे निघून गेली. बायांमध्ये कुजबुज झाली.

“बाळंतपण काढलेल्या बायांनी सांगावं,” मी म्हटलं. “याची चार पिल्लं हिच्यातून बाहेर येतील का? एकीनं जरी हो म्हटलं तर मी आत्ता खाली बसते.”

बायांनी एकमेकींकडे बघून नाही म्हणून माना हलवल्या. मग बायांच्या घोळक्यातून सासूबाई उठल्या. ज्या बाईनं नवऱ्यासमोर कधी आवाज चढवला नाही, तिनं माझ्या हातातला माइक घेतला.

“मनोजच्या येलेला मी अडले व्हते,” त्या दादांकडे बघून म्हणाल्या. “पोर मोठा, मी बारकी. टेम्पोत घालून भिवंडीला नेली मना. तुमी टेम्पोच्या मागं उभं राहून रडत व्हता. आठवतंय का? त्या दिवशी मना डॉक्टर मिलाला, म्हनून मी हाय. हिला का मिलू नये?”

“बरोबर हाय!” गोदूबाई कडाडली. आणि मग सगळ्या बाया एकदम बोलायला लागल्या. कुणाचं पोर आडवं होतं, कुणाला रात्रभर कळा होत्या, कुणाची बहीण त्यातच गेली होती. अंगणात एवढा गलका मी डीजे चालू असतानाही ऐकला नव्हता. पुरुष आपापल्या खुर्च्यांत आक्रसून बसले.

दादा पुढे आले. मला वाटलं, माइक हिसकावून घेणार. त्यांनी हात पुढे केला, सासूबाईंनी माइक दिला. दादा खोबरीकडे बघत राहिले. 

“शब्द मी दिलता,” ते म्हणाले. “आनि बालंत ती व्हनार व्हती. मी माजा शब्द मागं घेतो. सावल्या, माफ कर.”

“अरे, मी कवा मागितलंता पिल्लू?” सावळाराम बसल्या जागेवरून ओरडला. “तू माइकवर बोललास म्हनून मी टाल्या वाजवल्या! माज्या गोदामात कुत्रीनं पाच घातल्यात गावठी. तुलाच दोन देतो, ने!”

अंगण हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. दादाही हसले, डोळे पुसत हसले. मग त्यांनी परत माइक तोंडाशी धरला. “आनि उद्या खोबरीबरोबर कंटेनरचं पन ऑपरेशन उरकून टाकतो.”

बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पुरुषांच्या बाजूला मात्र बऱ्याच जणांनी बसल्या जागी पाय जवळ घेतले. गोदूबाईनं तेवढ्यात नवा धवला उचलला, आणि भाविकला, ज्याची खरं म्हणजे हळद होती, सगळ्यात शेवटी हळद लागली.

सोमवारी सकाळी दवाखान्यात जाताना खोबरी दादांच्या मांडीवर होती. पांढऱ्या लेंग्यावर पांढरे केस दिसत नाहीत, असं ते उगाच सांगत होते. ऑपरेशन चालू असताना ते बाकावर बसले नाहीत, दारापाशी उभेच होते. रुचिरा डॉक्टर बाहेर आल्या, मास्क काढला आणि म्हणाल्या, “छान झालं. आठवडा गेला असता तर मला एवढ्या खात्रीनं सांगता आलं नसतं.”

दादांनी त्यांना हात जोडले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वडप्याचा कुणी ओळखीचा होता. त्याच्या घरी कुत्री माजावर आली होती आणि त्याला कंटेनर हवा होता.

“कंटेनर आत हाय, टेबलावर. त्याचं काम कायमचं बंद,” दादा मोठ्यानं म्हणाले. सगळा दवाखाना ऐकत होता. “आनि तुजी कुत्री केवढी हाय? तपासलीस का तिला? कमरेचा एक्स-रे काढलास? मग पिल्लं कसली मागतोस! पयला तिला हितं घेऊन ये. गाडी न्हाय म्हनू नको, मी गाडी पाठवतो.”

आत खोबरी शुद्धीवर येत होती. दादा फोन खिशात टाकून तिच्यापाशी गेले, तिच्या कपाळावर दोन बोटं ठेवली. तिनं डोळे उघडले, त्यांना ओळखलं आणि अर्धवट झोपेतच त्यांच्यावर गुरगुरली.

“गुरगुर, बाई,” दादा म्हणाले, “तुजा हक्क हाय तो.” त्यांनी हात काढला नाही, आणि थोड्या वेळानं खोबरीनं तो चाटला.